कर्णिककाकांचं नाक आणि पेट्रोलचा वास

कर्णिककाका माणसाला आधी हुंगतात, मग ओळख देतात. आमच्या कोपरीतल्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की काका त्याला जिन्यात गाठणार, श्वास ओढणार आणि "काल सुकट केलेलीत, लसूण कमी पडला," असं सांगून वर निघून जाणार. भाडेकरू बिचारा मग आठवडाभर खिडक्या लावून स्वयंपाक करतो.

"नाक सांगतंय" हे त्यांचं पालुपद. मासळीबाजारात त्यांना लांबून पाहिलं तरी कोळणी टोपलीवर फडकं टाकतात. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीसाहेब थर्मासमधून चहा पीत होते, तर काकांनी तो चहा नसल्याचं सगळ्यांसमक्ष जाहीर केलं. तेव्हापासून साहेब टपून होते.

यंदा त्यांना संधी मिळाली. काकांच्या जुन्या गाडीभोवती पेट्रोलचा असा भपकारा सुटला की वॉचमनने पार्किंगमध्ये बिडी ओढणं सोडलं. काका मात्र "नाक सांगतंय, गटार तुंबलंय," म्हणत राहिले. त्या नाकाचा दराराच एवढा, की आम्ही मूर्खांनी गटार उपसून घेतलं. शेवटी सेक्रेटरींनी बजावलं, रविवारपर्यंत दुरुस्ती करा, नाहीतर गाडी भंगारवाल्याला द्या.

रविवारी सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा काडेपेटीएवढा व्हॉल्व्ह खराब झाला असणार, असं मेकॅनिकने फोनवर सांगितलेलं. पण गाडीत परक्याला बसू द्यायचं नाही, हा काकांचा हट्ट. म्हणून नवा व्हॉल्व्ह आणून स्वतःच बसवायला घेतला. वायरचा प्लग काढला, दोन पाइप उपटले, बोल्ट सैल करताना व्हॉल्व्हच्या खानदानाचा उद्धार केला. नवा बसला. इंजिन सुरू करून मला म्हणाले, "हुंग."

मी म्हटलं, एवढं नाक असताना माझं कशाला?

"दिवाळीतल्या तापानंतर कशाचाच वास येत नाही रे. कोणाला बोलू नकोस."

मला आधी रागच आला. परवा त्यांनी हुंगून पास केलेले बांगडे खाऊन आमचं अख्खं घर आडवं झालेलं. पण काकांचा चेहरा इतका उतरला होता की मी निमूट बॉनेटखाली वाकलो. पेट्रोलचा वास गेला होता. तसं सांगितलं, तरी ते खूश झाले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. काकू तिथे बसायच्या. त्या गेल्या वर्षी गेल्या.

"हिला गाडी लागायची. सारखी कपाळाला बाम चोळायची. पेट्रोलने तो वास मारला का, बघ."

मी सीटच्या कापडी कव्हरला नाक लावलं. धूळ, जुना कापूस, आणि त्याखाली, अगदी पुसट, बाम.

"आहे, काका."

"मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस."

"खरंच आहे."

त्यांनी मला हलकेच बाजूला सारलं, कव्हरवर गाल टेकवला आणि कसलाच वास येत नसताना छाती भरून श्वास घेतला.