एक ओळ वर

"अगं, मान वळवायची भानगडच नाही!" डेसमंड टकवेलने बायकोपुढे लॅपटॉप सरकवला. "ही वरची खिडकी बघ, काचेसारखी केलीय. वर क्रमांकवार लोकांची नावं, तिच्यातून आरपार दिसतात ते खालच्या खिडकीतले निकाल. नुसतं बघायचं आणि उतरवायचं!"

"आणि माझा केक?" कॉरलने विचारलं.

"तो परीक्षकांच्या हातात. मी आपला चिटणीस."

वॅराबिला गावच्या कृषी प्रदर्शनाचा चिटणीस होऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. त्याआधी एकतीस वर्षं ती खुर्ची नोला प्रेंडरगास्टची होती, आणि तिचा सगळा कारभार बिस्किटांच्या डब्यातल्या कार्डांवर चालायचा. डेसमंडने भर सभेत तो डबा उचलून फळीवर ठेवला होता. नोला एवढंच म्हणाली होती, "राहू दे तिथे. एक चूक झाली की खाली येईल."

याच नोलाने स्वतः पहिली येत स्पंज केकमध्ये कॉरलला सलग अकरा वर्षं दुसरी ठेवली होती. तिथे केकवर कुणाचं नाव नसतं. सगळ्यांना सारख्याच कागदी ताटल्या, वर पॅशनफ्रूटचं तेच ते आयसिंग आणि शेजारी सगळ्या स्पर्धांच्या एकाच यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी. यंदा कॉरलचा क्रमांक सत्त्याऐंशी होता, नोलाचा अठ्ठ्याऐंशी.

दुपारी परीक्षकांचे कागद आले. डेसमंडने निकाल क्रमांकवार चढवले, दोन्ही खिडक्या एकमेकींवर बेताने बसवल्या आणि बक्षिसांची कार्डं भरायला घेतली. मध्येच लॅमिंग्टन केकचा तुकडा उचलायला त्याने हात लांबवला आणि शर्टाची बाही टचपॅडला घासली. वरची नावं जागच्या जागी राहिली, खालचे निकाल मात्र एक ओळ वर सरकले. काचेतून सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की शंका यायचं काही कारणच नव्हतं.

तीन वाजता तो माईकसमोर उभा राहिला. "स्पंज केक, दुसरा क्रमांक... मर्व्ह हॅलोरन!"

"अरे बाबा, मी एडका आणलाय!" मर्व्ह मागून ओरडला. लोकांना वाटलं गडी लाजतोय. त्यांनी जास्तच टाळ्या पिटल्या.

"पहिला क्रमांक..." डेसमंडने माईक जवळ ओढला. "कॉरल टकवेल!"

कॉरल आधी पांढरीफटक पडली आणि मग ढसाढसा रडली. अकरा वर्षांचं साचलेलं रडू ते, असं समजून डेसमंडने माईकवरूनच टाळ्या वाजवल्या. त्याच भरात त्याने पुढचं कार्ड वाचलं, "सजवलेला गमबूट, आठ वर्षांखालील मुलं. पहिला क्रमांक, नोला प्रेंडरगास्ट!"

हशा उसळला. चौऱ्याहत्तर वर्षांची नोला शांतपणे पुढे आली, तिने बक्षिसाची फीत घेतली आणि तडक कचेरीचं पत्र्याचं शेड गाठलं. डेसमंड मागोमाग धावला. तिने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं.

"अठ्ठ्याऐंशीचा निकाल सत्त्याऐंशीच्या नावावर बसलाय. एक ओळ, डेसमंड." तिने फळीवरचा डबा काढून काखेत मारला. "जा, माईकवर सांग. मी ही फीत त्या गमबूटवाल्या पोरीला देऊन येते."

खुर्ची गेली ती गेली, पण कॉरलला कुठल्या तोंडाने सांगायचं? ती केकच्या टेबलामागे डोळे पुसत उभी होती.

"कॉरल, माझी चूक झाली. पहिला सत्त्याऐंशी नाही, अठ्ठ्याऐंशी आलाय."

तो तिच्या रडण्याची वाट बघत राहिला. कॉरल रडली नाही. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"डेस, ओरडू नकोस. सकाळी मी चिठ्ठ्या बदलल्या. माझी तिच्या केकजवळ ठेवली, तिची माझ्या."

डेसमंडला हिशेब लागायला जरा वेळ लागला. "म्हणजे पहिला आलेला केक..."

"माझा."

"मग सांगून टाकू या की सगळ्यांना!"

"काय सांगणार? टकवेलबाई केक उत्तम करतात आणि चोरी त्याहून उत्तम?"

डेसमंडने माईकवर जाऊन माफी मागितली आणि निकाल दुरुस्त केले. पहिली नोला, दुसरी कॉरल, सलग बाराव्या वर्षी. कॉरलने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे बघवेना म्हणून डेसमंड मर्व्हच्या एडक्याकडे बघत राहिला.

शेवटी रिवाजाप्रमाणे विजेतीने केक कापला. नोलाने पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि ती चावता चावता थांबली. तिने डोळे मिटले. डेसमंड पुढे सरकला.

"काय झालं, नोलाबाई?"

"आपल्याच तोंडाने सांगू नये," नोला सावकाश म्हणाली, "पण इतका हलका केक मला उभ्या जन्मात जमला नव्हता."

कॉरलने आपली ताटली तिच्यापुढे धरली.

"पुन्हा म्हण ना, नोला."