पेट्या जागेवर आहेत

बागायतदार भास्कररावांची मोटार पस्तीस वर्षांची होती आणि तिच्या मागच्या आसनाला पट्टे नव्हते. ही वस्तुस्थिती ते उणीव म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून सांगत.

"पट्टा दिलेला असेल तर तो बांधावा, असा कायदा आहे, राजश्री," पडवीत उभे राहून ते लेकीला म्हणाले. "कारखान्यानं जो दिलाच नाही, तो बांधायचा कसा? तुझी ऋजुता पूर्णगडला माझ्याच गाडीतून येईल."

राजश्रीने मागच्या आसनाकडे बोट दाखवले. भास्कररावांच्या पूर्णगडच्या बहिणीकडे पोचवायच्या हापूसच्या चार पेट्या तिथे विराजमान होत्या. आत पेंढा, आणि चौघींना मिळून सुंभाचे तीन करकचून वेढे.

"आंब्याची पेटी बांधता, बाबा, आणि पोर मोकळं सोडता?"

"आंबा दबतो!"

"मग ऐका. तिला जरा जरी धक्का बसला, तर तुमच्या गाडीतली तिची ही शेवटची फेरी."

उत्तरादाखल भास्कररावांनी दार आपटले. ते पहिल्या खेपेस लागत नसल्यामुळे पुन्हा आपटावे लागले, आणि बाणेदारपणा थोडा उणावला.

पावसच्या अलीकडे एका हवालदाराने हात केला. ज्या घटकेसाठी भास्करराव वर्षभर युक्तिवाद घोटवीत होते, ती आली! त्यांनी कचकन ब्रेक दाबला आणि काच खाली घेतली.

"प्रथम गाडीचं वर्ष पाहा, हवालदारसाहेब! जिथं पट्टाच नाही, तिथं तो न बांधण्याचा गुन्हा संभवतच नाही. हे मी कुठल्याही न्यायालयात सिद्ध करीन!"

हवालदाराने तीनदा तोंड उघडले आणि तीनदा मिटले.

"काका," अखेरीस तो म्हणाला, "पेट्या विकायच्या हायत काय, येवढंच विचारायचं होतं."

इतका सज्ज युक्तिवाद वाया गेल्याने भास्करराव खिन्न झाले. तेवढ्यात मागून, बरेच खालून, आवाज आला.

"आजोबा, पेट्या जागेवर आहेत. मी नाही."

आठ वर्षांची ऋजुता दोन आसनांमधल्या फटीत बसून गुडघा चोळीत होती. साधे खरचटलेही नव्हते. पण पेट्यांकडे ती ज्या नजरेने पाहत होती, ती नजर भास्कररावांना सोसवेना.

"हा धक्काच ना, आजोबा? आईला सांगायचा?"

भास्कररावांनी गोगलगाईच्या चालीने गाडी हाकली ती थेट बाबल्याच्या गॅरेजात.

"मागं पट्टे बसव. आत्ताच्या आत्ता."

"कशाला काका?" बाबल्या हात पुसत म्हणाला. "जुन्या गाडीला लागत नायत. कायदाच हाय तसा. गेल्या शिमग्यात तुम्हीच तासभर सांगितलंत नाय?"

"कायदा!" भास्करराव कडाडले. "कायद्याच्या आडोशाला लपतोस? आंब्याची पेटी बांधतोस आणि पोर मोकळं सोडतोस?"

"हे आईचं वाक्य आहे," ऋजुता म्हणाली.

"आई मुलगी कोणाची?"

"तुमची."

"मग वाक्य माझंच. तिनं आधी उच्चारलं, एवढंच."