शांतलिंगच्या हौदातले गप्पी मासे

शांतलिंगनं ठरवलं, घरात कुणाला सांगायचंच न्हाय. (बायकोपासून काही लपवायचं ठरवलं, तिथंच गडी निम्मा हरला होता.)

त्यांच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी. हौद ओतून द्यायची सोय नाही, अन् हौदात डासांच्या आळ्या वळवळायल्या. गेल्या साली लेकीला, शिवप्रियाला, डेंग्यू झाला. तेव्हापासून एक डास गुणगुणला तरी शांतलिंगचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून त्यानं आरोग्य केंद्रातनं पिशवीत दहा गप्पी मासे आणले अन् गुपचूप हौदात सोडले. पण घर कट्टर लिंगायत, अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारं. त्यात सासूबाई इरम्मा कर्नाटकातनं मुक्कामाला आलेल्या. मासा दिसला तर लेक-नात घेऊन त्या निघणार, यात शंकाच नव्हती.

सकाळपास्नं शांतलिंग हौदाभोवती घिरट्या घालत होता.

"अहो, हौदाला राखण बसलाव का?" बायको महेश्वरीनं विचारलं.

"पाणी वाया जाऊ नये म्हणून."

पण राखण तरी किती वेळ करणार? तो चहाला वळला, अन् तेवढ्यात इरम्मांनी पूजेचा तांब्या हौदात बुडवला.

"अय्यो! जावईबापू, ह्यात काय वळवळायलंय?"

अर्धा चहा शांतलिंगच्या पायावर सांडला. "आळी असंल, मामी!" तो ओरडला. (मासा म्हणण्यापेक्षा आळी बरी, असं वाटलं त्याला. घाबरल्या माणसाची अक्कल ही अशी.)

"आळीला डोळे, शेपूट असतंय व्हय? मासा हाय ह्यो! शिवशिवा! महेश्वरी, पिशवी भर. पोरीला बी घे."

पिशवीचं नाव काढताच शांतलिंगनं सगळं कबूल केलं. "खायला न्हाय आणले, मामी. पाण्यात आळ्या झाल्यात, हे मासे त्या खात्यात. पोरगी परत दवाखान्यात नको म्हणून..."

इरम्मांनी तांब्यात डोकावलं.

"म्हंजी मासे नव्हते तवा त्या आळ्या कुणाच्या पोटात जायल्या हुत्या?"

महेश्वरीनं तोंडाला पदर लावला.

इरम्मांनी मासा अलगद हौदात सोडला. "पूजेला पाणी शेजारनं आण गं. मासे राहू दे," त्या म्हणाल्या. मग जावयाला नीट खालीवर न्याहाळलं. "बारा वर्षं येत्येय ह्या घरी. खाऊन कामाला लागणारा गडी आज पैल्यांदाच बघितला, त्यो बी हौदात."