जिताड्याच्या पोटातली चटणी

चमचाभर चटणीने असं काय बिघडणार, असं म्हणून प्रज्ञेशने ती माशांना घातली आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

डॉक्टरांनी त्याच्या रक्तातली चरबी पाहून रोज जवसाची चटणी खायला सांगितली होती. बायको यशोधरा ती प्रेमाने वाढायची आणि टाकून तर दिली नाही ना, हे कचऱ्याच्या डब्यात बघायची (संशोधक बाईशी लग्न केल्यावर दुसरं काय होणार). कॉलेजची प्रयोगशाळा गळत होती, म्हणून तिच्या प्रयोगाच्या दोन टाक्या सध्या त्यांच्याच घरी, गॅलरीत मुक्कामाला होत्या. खाऱ्या पाण्यात समुद्रातले जिताडे मासे. एका टाकीला माशाच्या तेलाचं खाद्य, दुसरीला सोयाबीन तेलाचं. प्रज्ञेशने चटणी सुकटीत मळून गोळ्या केल्या आणि दुसऱ्या टाकीत सोडल्या. मासे तुटून पडले. मग तो रोजचाच नेम झाला, आणि हा गडी कंपनीतून येताना निर्धास्तपणे भजी हाणू लागला.

एकदा जेवताना यशोधरा सासूबाईंना, म्हणजे भागुबाईंना, प्रयोग समजावत होती. मासा जसं तेल खातो तशीच चरबी साठवतो. पोटाचा तुकडा लॅबमध्ये दिला की त्याने काय खाल्लं ते बाहेर पडतं. दोन्ही टाक्यांतले तुकडे कालच पुण्याला पाठवलेत.

प्रज्ञेशने हातातला घास परत ताटात ठेवला. बायकोची वर्षभराची मेहनत आपण चटणीत घालवली, या विचाराने त्याला खरंच वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिचा फोन वाजला की हा कान देऊन ऐकायचा. खाल्लेलं तेल चरबीतून जायला किती दिवस लागतात, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारून पाहिलं. महिने लागतात म्हणाली, आणि जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

शेवटी रिपोर्ट आला.

"सोयाच्या टाकीत जवसाचं तेल निघालंय," ती शांतपणे म्हणाली. "आपल्या घरात जवस कोण खातं हो?"

प्रज्ञेशने सगळं कबूल केलं. कुणी न विचारता भजीसुद्धा कबूल केली. टाकी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागणार होती, आणि यशोधराचे डोळे भरून आले. ते पाहून त्याने पाणी बदलण्यापासून टाकी घासण्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं. वर उद्यापासून चटणी खाण्याची शपथही घेतली.

"शपथ कशाला?" भागुबाई म्हणाल्या. "ह्याच्याबी पोटाचा तुकडा धाड पुण्याला. काय खातोय त्ये कळंल."

"पाठवायची गरज नाही, आई. शर्टाची बटणंच सांगतायत."

प्रज्ञेशने पोट आत घेतलं. कुणालाच फरक दिसला नाही.