टॉडचं उलटं हँडल

"माझ्या घरात टीव्ही येणार नाही म्हणजे नाही!" मार्लीसनं सासूला, व्हर्नाबाईंना, ठणकावून सांगितलं. बालमानसशास्त्र शिकलेली बाई ती! चार वर्षांचा टॉड शिंकला तरी पुस्तक उघडायची. टीव्हीऐवजी तिनं त्याला एक खेळणं आणलं होतं. डोळ्याला लावून उजेडाकडे धरायचं आणि हँडल फिरवायचं, की आत कार्टूनमधलं अस्वल बरणीतला मध खायला लागतं.

"लगाम पोराच्या हातात राहतो, आई! टीव्हीत आहे का असं?"

व्हर्नाबाई हसल्या. "बरं! थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येईन, तेव्हा माझा जुना टीव्ही गाडीत घालून आणते. टॉड जेवताना माणसासारखा बसला तर टीव्ही गाडीतच राहील. नाही बसला तर आत!"

डुएनचे, म्हणजे मार्लीसच्या नवऱ्याचे, डोळे लकाकले. थँक्सगिव्हिंगला फुटबॉलचा सामना नाही बघायचा, तर मिनेसोटात जन्मून उपयोग काय?

"मंजूर!" मार्लीस म्हणाली.

पण ते हँडल उलटंही फिरायचं, आणि टॉडला तेच आवडायचं! अस्वल तोंडातला मध काढून बरणीत भरायचं आणि पाठमोरं चालत गुहेत शिरायचं.

ठरल्या दिवशी व्हर्नाबाई दारात उभ्या राहिल्या. टॉड पाठमोरा चालत आला.

"बाय बाय, आजी!"

"अरे, आत्ताच तर आले!"

"कल्पनाशक्ती आहे ती!" मार्लीस म्हणाली.

टेबलाभोवती सगळ्यांनी हात धरले, डोळे मिटले. प्रार्थना सुरू व्हायच्या आतच टॉड ओरडला, "आमेन!"

व्हर्नाबाईंनी एक डोळा उघडला. मार्लीसनं दोन्ही घट्ट मिटून घेतले.

जेवण सुरू झालं. टॉडनं भाजलेल्या टर्की पक्ष्याचा घास चावला, गंभीर चेहऱ्यानं बाहेर काढला आणि ताटात ठेवला. मग क्रॅनबेरीची आंबट फळं! एकेक चघळून त्यानं ती सगळ्यांच्या मोठ्या वाडग्यात परत भरायला घेतली. व्हर्नाबाईंनी नुकतीच त्याच वाडग्यातून घेतली होती. त्यांनी तोंडातला घास भस्सकन रुमालात काढला!

"बघा! तुम्हीही तेच केलंत!" मार्लीस कडाडली.

"डुएन, टीव्ही आण!"

डुएन गाडीपाशी पोचलासुद्धा होता.

"आणा खुशाल! कोणी बघणार नाही!" मार्लीसनं खेळणं सासूच्या हातात कोंबलं. "एकदा बघा, मग बोला!"

व्हर्नाबाई नाक मुरडत खिडकीशी गेल्या. हँडल सुलट फिरवलं. उलट फिरवलं.

"अगं बाई! मध परत आला!"

"आजी, माझी पाळी!"

"थांब रे! अस्वल अजून गुहेत जायचंय!"

मार्लीसची मान ताठ झाली. जिंकले! पण नोव्हेंबरची दुपार ती. बघता बघता खिडकी काळी पडली आणि अस्वल काळोखात बुडालं. छताचा दिवा मिणमिणता, वर बघून मान मोडायची. तेवढ्यात डुएननं टीव्ही लावला. पडदा लख्ख उजळला! व्हर्नाबाईंनी त्याच्यासमोर बैठक मारली, टॉडला मांडीवर घेतलं आणि खेळणं पडद्यावर रोखलं.

"आई, डोकं बाजूला घे ना! सामना चाललाय!" डुएन मागे उड्या मारत होता.

"गप रे! उजेड इथंच आहे!"

सोमवारी शेजारीण कुंपणापाशी म्हणाली, "काय गं, टीव्ही घेतलात म्हणे?"

"टीव्ही? आमच्याकडे? छे!" मार्लीस हनुवटी वर करून म्हणाली. "दिवा आहे तो! त्यात फुटबॉल दिसतो, त्याला आम्ही काय करणार?"