मल्लिका आणि इंग्रजी धून

मुलांनो, आमच्या कडा गावात लग्नाच्या वराती इंग्रजी सिनेमाच्या संगीतावर निघत, असं सांगितलं तर आजी थापा मारते असं तुम्हाला वाटेल. पण तसंच होतं, आणि त्याला कारण आमचे शेजारी, बँडमास्तर इब्राहीमभाई.

एका वर्षी गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखान्याने कामगारांसाठी मैदानात पडदा लावला. मागवला होता देवादिकांचा सिनेमा, पेटीतून निघाला इंग्रजी. उजाड माळ, धूळ, गुरांचे कळप आणि घोडेस्वार. मंडळी तासाभरात पांगली. इब्राहीमभाई मात्र हलले नाहीत, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते म्हणून मलाही त्यांनी बसवून घेतलं. मी संवाद समजावू लागले, तर म्हणाले, "राहू द्या बाई. ह्यांच्या बोलण्यात धून ऐकू येईना." पडद्यावर कोणी बोलायला लागलं की ते विडी ओढायला बाजूला जात, संगीत सुरू झालं की परत.

त्यांना पटलं होतं ते एवढंच. आधी नुसता माळ दिसतो. लांबून एकट्या माउथ ऑर्गनचा सूर, मग शीळ, मग सगळी व्हायोलिनं, आणि त्यानंतर कुठे घोडा. "आधी धून येती, मंग माणूस. असं पायजे." शेवटी घोडेस्वार ठिपका होऊन दिसेनासा झाला, तशी मी उठले. त्यांनी हात आडवा केला.

"माणूस गेला, बाई. धून कुठं संपली? बसा."

ती धून त्यांनी क्लॅरिनेटवर बसवली. नवरदेवाला मिरवणारी त्यांची घोडी मल्लिका पुढे त्याच सुरांवर चालायला शिकली. दुसरं गाणं लावलं की ती जागची हलत नसे. वरातीतली पोरं कुरकुरली की इब्राहीमभाई साळसूदपणे म्हणत, "मी वाजवतो की. तिला पटंना." वडवणीच्या एका वरातीत नवऱ्याच्या मामाने लगाम ओढून पाहिला. नवरदेव उन्हात घामाघूम झाला, तेव्हा मामाच म्हणाला, "वाजवा बाबा तुमचं ते इंग्रजी."

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. लग्नं देवळात, बँडाशिवाय उरकू लागली. कडबा मिळेना. सोसायटीने छावणी उघडली, पण ती गुरांची. घोडीला तिथे दावण नव्हती. इब्राहीमभाईंनी चेअरमनना तिला गाय म्हणून लिहून घ्या असंही सुचवलं म्हणे. चेअरमन हसले, चहा पाजला, आणि नाही म्हणाले. इब्राहीमभाईंची बायको वारलेली, लेक चौसाळ्याला दिलेली. बोलायला घरी मल्लिकाच होती. अखेर गोदाकाठचा एक घोडेवाला तिला न्यायला तयार झाला, परत मागायची नाही या बोलीवर.

टेंपो सकाळी आला. फळी लावली, पण मल्लिका चढेना. ड्रायव्हरने पुढून ओढलं, दोघांनी मागून रेटलं. इब्राहीमभाई पाठ फिरवून ओट्यावर बसले होते, शेजारी मी.

"चाचा, कावून चढंना ही?" ड्रायव्हर वैतागला.

इब्राहीमभाई उठले. आत गेले आणि क्लॅरिनेट घेऊन आले.

पहिल्याच सुराला तिने पाऊल उचललं. पाठीवर नवरदेव असावा तशी मान ताठ ठेवून ती फळीवरून वर गेली.

टेंपो वळणाआड झाला. लोक पांगले. मला शाळेला उशीर होत होता. मी पिशवी उचलली, आणि खाली ठेवून पुन्हा ओट्यावर बसले. धून अजून संपली नव्हती.