आधी सत्कार, मग गाणं

"मॅडम, एकच नारळ?" दयानंदने पिशवीत डोकावून विचारलं. अख्खं वऱ्हाड दारात उभं असताना एकच पत्रावळ मांडलेली पाहावी, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"एकच सत्कार आहे ना? सरपंचबाईंचा. दोन मिनिटांत उरकायचा आणि गाण्यासाठी कौस्तुभला माइक द्यायचा," मृण्मयी म्हणाली.

"व्हय, व्हय. पण माणूस काय एकटं येतंय व्हय?"

मृण्मयीला त्यातलं गांभीर्य कळलं नाही. परभणीकडची पोर, हिंजवडीच्या कंपनीतून निघून मुळशी धरणाकाठच्या या वाइनरीत कार्यक्रमांची व्यवस्थापक म्हणून लागली होती, आणि नोकरी अजून कच्ची होती. मालक दादासाहेबांनी साफ सांगून ठेवलं होतं, "उन्हाळ्याची ही पहिली मैफल नीट पार पडली तर तू कायम. नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा." दादासाहेब मूळचे पुण्यातले बिल्डर. वाइनरीची द्राक्षं नाशिकहून टेम्पोत येत आणि मांडवावर लोंबत ती प्लास्टिकची. पण हिरवळ खरी होती, धरणावरचा वारा खरा होता आणि तिकिटाचा दर तर फारच खरा होता. शहरातल्या मंडळींनी सतरंज्या अंथरून, हातात पेला धरून, सूर्य डोंगराआड जाताना गाणं ऐकायचं, असा बेत होता.

दयानंद वाइनरीचा सुपरवायझर, पण त्याची खरी ख्याती वेगळीच. गावच्या सप्ताहात माइक वर्षानुवर्षं त्याच्याच हाती. बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी कुणाला कोणत्या क्रमाने नारळ द्यायचा आणि कुणाच्या नावाला किती विशेषणं जोडायची, हे शास्त्र त्याला तोंडपाठ होतं. मात्र सप्ताहात एक सोय असते. हारतुरे फारच लांबले की मृदंगवाला कंटाळून थाप मारतो, टाळकरी 'जय जय राम कृष्ण हरी' उचलून धरतात, आणि मग भल्याभल्यांची बोलायची टाप नसते. इथे तसं कुणी नव्हतं. इथे एक गिटार होती आणि तिचा मालक सभ्य होता.

सरपंच अंबाबाईंनी शाल घेतली, नारळ घेतला, "कार्यक्रम चांगला हूं द्या," म्हणाल्या आणि खाली बसल्या. मृण्मयीने मनातल्या मनात देवाला हात जोडले. कौस्तुभने खुर्ची पुढे ओढली. दयानंदने मात्र माइक सोडला नाही. त्याची नजर तिसऱ्या रांगेत खिळली होती.

"मॅडम," तो माइकवर तळहात ठेवून कुजबुजला, "माजी सरपंच बसल्यात. विठ्ठलराव."

"मग बसू दे की."

"आत्ताच्या बाईंना दिला आन माजींना न्हाई, तर उद्यापासनं पानी बंद. टँकर त्यांचा हाय."

मे महिना होता. मृण्मयीने हिरवळीकडे पाहिलं. "पण नारळ एकच होता."

"माज्याकडं हायेत की." दयानंदने टेबलाखालून पोतं ओढून काढलं. त्यात आणखी दोन नारळ आणि दोन शाली होत्या.

विठ्ठलरावांनी शाल खांद्यावर नीट बसवून घेतली, फोटो निघाला की नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "मी तुमचा जास्त वेळ घेनार न्हाई." मग त्यांनी धरण कसं झालं तिथपासून सुरुवात केली. रस्ता कुणी आणला, डीपी कुणी बसवली, ती पुन्हा कुणी जाळली, हे सगळं सांगून झाल्यावर ते भावुक झाले. "आन ज्याच्या रानात आज तुमच्या गाड्या हुब्या हायेत, त्या गेणबाला इसरून चालनार न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या. कुंपणापलीकडे गेणबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. भात निघालं की त्याची मेंढरं त्या रानात बसत. आज त्यांच्या जागी गाड्या बसल्या होत्या.

"आता नाही हं," मृण्मयी दयानंदच्या कानाशी म्हणाली.

"नाव निघालं मॅडम. आता न्हाई म्हनलं तर तो मेंढरं आनून बसवील. गाड्यांच्या मदीच."

पण गेणबा आत यायला तयार होईना. "तितं बाटल्या हायेत. माज्या गळ्यात माळ हाय. मी हितनंच रामराम करतो."

"गेणबानाना, असं करू नका. मान हाय तुमचा," दयानंद माइकवरूनच आळवू लागला.

शेवटी वेटर धावले. प्रत्येक टेबलावरच्या प्रत्येक बाटलीवर पांढरा रुमाल घातला गेला. सगळ्या बाटल्या नव्या सुनांसारख्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या, लोकांनी आपापले पेले पाठीमागे लपवले, आणि गेणबा खाली बघत, काठी टेकत मंचावर आला. शाल त्याने परत केली. "उकडतंय," म्हणाला. नारळ घेतला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"पांढरी गाडी कुनाची हाय? बांधावर चढवलीया. काडा."

एवढं बोलून तो उतरला. त्या संध्याकाळचं सगळ्यांत नेटकं भाषण तेच. पण पांढऱ्या गाड्यांचे मालक एकदम उठले, आणि निम्मी हिरवळ रिकामी झाली. ते परत येईपर्यंत थांबणं भाग होतं. सूर्य मात्र थांबला नाही. तो गेला.

आता पुढच्या रांगेतून दादासाहेबांचा मेसेज आला. 'गाणं?' मग दुसरा आला. 'उद्या सकाळी केबिनमध्ये भेट.' मृण्मयीने दयानंदची बाही ओढली.

"दयानंद, बस झालं. मालक चिडलेत. माझी नोकरी जाईल."

"चिडल्यात?" दयानंदने क्षणभर विचार केला. "मग त्यांचाच करू."

"काय?"

"सत्कार वो. मानूस कवापासनं बघतंय दुसऱ्याला शाल घालताना. चिडंल न्हाई तर काय?"

मृण्मयी त्याचा हात धरणार, तोवर नाव पुकारलं गेलं होतं. "या मातीला द्राक्षाची ओळख करून देनारे, कर्मयोगी, दानशूर" अशा पायऱ्या चढत दयानंद दादासाहेबांपर्यंत पोहोचला. शाली संपल्या होत्या, गेणबाने परत केलेलीही सापडेना, तेव्हा विठ्ठलरावांच्या खांद्यावरचीच अलगद काढून घेतली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. सप्ताहातली शाल एका खांद्यावर कधी मुक्काम करत नाही. नारळही संपले होते. एका वेटरने मांडवावरचा प्लास्टिकचा घड तोडून आणला आणि तो दादासाहेबांच्या ओंजळीत ठेवण्यात आला.

"अरे, हे कशाला," दादासाहेब म्हणाले आणि माइक दोन्ही हातांनी धरला. शहरात त्यांनी डझनभर इमारती उठवल्या होत्या. सोसायटीवाल्यांनी नोटिसा पाठवल्या, गच्ची गळते म्हणून फोन केले, पण शाल कुणी घातली नव्हती. ते बोलू लागले. आईच्या हातच्या भाकरीपासून पहिल्या सिमेंटच्या गोणीपर्यंत ते आले, तेव्हा आकाशात चांदण्या आल्या होत्या.

"एक्सक्यूज मी," मधूनच एक गृहस्थ उठून उभे राहिले. "आम्ही हिंजवडीहून तिकीट काढून आलोय. गाणं आहे की नाही?"

मृण्मयीने डोळे मिटून घेतले. दयानंदने नम्रपणे विचारलं, "पाव्हन्यांचं नाव?"

"नावाचा काय संबंध? ऋषिकेश."

"खास हिंजवडीहून वाट वाकडी करून आलेले थोर रसिक, श्रीमान ऋषिकेशसाहेब यांना मी मंचावर..."

ऋषिकेशसाहेब तावातावाने मंचावर गेले. खाली उतरताना त्यांच्या खांद्यावर दादासाहेबांची शाल होती आणि डोळ्यांत पाणी. "इतकी वर्षं कंपनीत घासतोय," ते बायकोला म्हणाले, "एक कॉफीचा मग दिला त्यांनी. तोही टिचलेला."

मग कुणाला आवरणार? लोक आपणहून रांगेत उभे राहिले. लग्नाचा वाढदिवस असलेलं एक जोडपं आलं. परवाच टक्कल पडल्याचं मान्य केलेला एक तरुण आला, त्याचा धैर्याबद्दल सत्कार झाला. मांडव बोडका होत चालला. पूर्वरंगच इतका रंगला की उत्तररंग कुणाला आठवेना.

दहाला स्पीकर बंद करायचा नियम होता. थोडाच वेळ उरला तेव्हा मृण्मयी कौस्तुभपाशी धावली. "सर, निदान एक गाणं. एकच. माझं सगळं त्यावर आहे."

"मी तयार आहे," कौस्तुभ म्हणाला आणि घुटमळला. "पण मॅडम, सगळ्यांचं झालं. माझं राहिलंय."

त्याचंही झालं. घड हातात घेऊन तो म्हणाला की असल्या हिरवळीवर तो बरीच वर्षं गातोय, लोक पाठ करून पनीर टिक्का खातात, आणि समोरची माणसं आपल्याकडे तोंड करून बसलेली तो आज पहिल्यांदाच पाहतोय. हे त्याने जरा सविस्तर सांगितलं. तरी एका गाण्यापुरता वेळ उरला. तो खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर घेतली, तिच्यासमोरचा माइक सरळ केला. मृण्मयीने श्वास सोडला.

तेवढ्यात दादासाहेब उठले. "एक मिनिट. जिच्यामुळे आज हा सोहळा झाला, तिलाच आपण विसरलो. मृण्मयी, वर ये."

"सर, नको. आधी गाणं होऊ दे. प्लीज."

"गाणी काय, गाडीतही लावता येतात. असा कार्यक्रम मी जन्मात पाहिला नाही. तुझी नोकरी आजपासून पक्की. आता दर शनिवारी हेच."

शाल फिरत फिरत तिच्या खांद्यावर आली. ती कितीतरी जणांच्या घामाने ओली होती, पण ऊबदार होती. मृण्मयीच्या हातात मांडवावरचा शेवटचा घड पडला. तिने माइक घेतला तो केवळ 'आता कौस्तुभ गातील' एवढं म्हणण्यासाठी.

समोर सगळी हिरवळ तिच्याकडे बघत होती. कुंपणापाशी गेणबाही थांबला होता. जिंतूरच्या शाळेत तिला वक्तृत्वात दुसरं बक्षीस मिळालं होतं, तेव्हा पाहुणे उठून गेले होते आणि प्रमाणपत्र शिपायाने वर्गात आणून दिलं होतं. ते तिला आत्ताच का आठवावं?

"आज या ठिकाणी," मृण्मयी म्हणाली, "मला सर्वप्रथम माझ्या आईवडिलांची आठवण येते. त्यानंतर आमच्या शाळेचे कुलकर्णी सर, ज्यांनी मला..."

दयानंदने समाधानाने मान डोलावली. कौस्तुभने घड्याळ पाहिलं, गिटार मांडीवरून उचलली, खोळीत घातली आणि चेन ओढली. चेनचा तो 'झर्र' हिरवळभर घुमला. गिटारीपुढच्या माइकमधून त्या संध्याकाळी आलेला तेवढाच काय तो आवाज.